गाभोळीचा मासा चढू द्या

धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा, हे ऐकून तुम्ही हसाल. पण अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा, टेक्सास, फ्लोरिडा या उष्ण राज्यांत हौशी मंडळी हेच करतात. तिथल्या तळ्यांत आणि संथ नद्यांत बास नावाचा मोठ्या तोंडाचा शिकारी मासा असतो. उन्हाळ्यात तो पहाटे आणि तिन्हीसांजेला काठच्या गवताशी येतो. गळाला पिसे, केस बांधून केलेला खोटा बेडूक पाण्यावर नाचवला, की खालून झडप घालतो.

वसंतात नर बास काठाजवळ तळ साफ करून घरटे करतो. मादी अंडी घालून जाते, राखण नर करतो. तो उचलला, की दुसरे मासे अंडी फस्त करतात. १९७२ साली रे स्कॉट यांनी बासच्या स्पर्धांत मासे जिवंत सोडण्याची प्रथा सुरू केली. ती तिथे चांगली रुजली.

आपल्याकडे काय होते? मृगाचा पाऊस पडून ओढे वाहू लागले, की चढणीच्या माशांवर आपण तुटून पडतो. गाभोळीने भरलेला मासा त्याच रात्री कालवणात! मग दिवाळीला ओरड, की नदीत मासा उरला नाही.

आपण मासा पोटासाठी धरतो, तेव्हा सगळाच सोडा असे कोणी म्हणणार नाही. पण बियाण्याचे भात आपण गिरणीत नेतो का? पहिल्या पुराचे चार दिवस ओढ्याच्या तोंडाला जाळे लावायचे नाही, एवढा ठराव ग्रामसभेत व्हायला काय हरकत आहे? सरपंचांनी पावसाआधी तो मांडावा, आणि तुम्ही हात वर करावा.