घामाचा पैसा, सट्ट्याचा फास

सुरतच्या बमरोली-पांडेसरा पट्ट्यात खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे यंत्रमाग आणि कापड गिरण्यांवर जगतात. मोबाइलमुळे शेअर बाजारातील ऑप्शनचा सट्टा अशा कष्टकरी घरांच्याही उंबरठ्यावर आला आहे. भांडवली बाजाराची नियामक संस्था सेबीच्या २०२४च्या अभ्यासानुसार, तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधील ९३ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्ते तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. या व्यवहारकर्त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांचे वार्षिक उत्पन्न पाच लाख रुपयांखाली होते. नफा मात्र संगणकीय प्रणाली चालवणाऱ्या बड्या संस्थांनी नेला. गरिबाची बचत श्रीमंताच्या तिजोरीत जाण्याची ही वाट आहे. उत्पन्न तपासल्याशिवाय या व्यवहारांना परवानगी देऊ नये आणि धोक्याची सूचना मजुराला त्याच्या भाषेत मिळावी.