योगदिन सरला, वर्गातल्या स्थूल मुलांचे काय?

२१ जून उजाडला की शाळांच्या मैदानांवर मुलांच्या शिस्तबद्ध रांगा लागतात, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्याच दिवशी सतरंज्या कपाटात जातात. २०१५ पासून हा दिवस जगभर साजरा होतो, ही अभिमानाची बाब आहेच. परंतु त्या रांगेच्या टोकाला एक स्थूल मुलगा उभा असतो. पुढे वाकताना त्याचे हात गुडघ्यांखाली जात नाहीत, शेजारची मुले हसतात आणि पुढच्या वर्षी तो घरीच राहतो. ज्याला योगाची सर्वाधिक गरज, तोच योगापासून दुरावतो!

असे विद्यार्थी थोडे नाहीत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, १९९० मध्ये भारतात ५ ते १९ वयोगटातील सुमारे ४ लाख मुले-मुली स्थूल होती. २०२२ मध्ये ती संख्या १ कोटी २५ लाखांवर गेली. चरकसंहितेने अतिस्थौल्याची कारणे सांगताना अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थांचा अतिरेक, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांबरोबर बीजस्वभाव, म्हणजेच आनुवंशिकताही नोंदवली आहे. तेव्हा अशा मुलाला आळशी म्हणून हिणवणे हा अन्यायच होय.

योग या मुलांना काय देऊ शकतो? चमत्कार नव्हे. संथ आसनांत ऊर्जेचा व्यय बेताचाच होतो; केवळ त्यांच्या बळावर वजन झपाट्याने उतरत नाही. म्हणून धावणे आणि मैदानी खेळ यांची जागा योगाने घ्यावी, असे कोणी समजू नये. मात्र नियमित अभ्यासाने शरीर लवचीक होते, श्वासावर ताबा येतो, मनावरील ताण हलका होतो. ताणापोटी खात सुटणाऱ्या मुलाला भूक आणि खा-खा यांतला भेद कळू लागणे, ही लहान गोष्ट नव्हे. हठयोगाच्या ग्रंथांनी आसनांबरोबर मिताहार सांगितला, तो उगाच नाही.

यासाठी महाराष्ट्राला दूर पाहावे लागत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजवले, ते नित्यक्रम म्हणून. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रिया प्रयोगशाळेत पारखून घेतल्या. नित्यता आणि परीक्षण, हा या दोघांचा वारसा आहे. आजच्या शाळांनी तो चालवायचा तर आठवड्यातून निदान काही तासिका योगाला हव्यात, जाणकार शिक्षक हवा आणि जड देहाच्या मुलाला झेपतील अशा आसनांपासून आरंभ हवा. त्याला पहिल्याच दिवशी शीर्षासनाला लावणे धोक्याचे आहे.

आणि घरचे काय? शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिमेद, अतिशर्करा व अतिमीठयुक्त पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० मध्ये झाला. पण घरच्या फडताळाला असा नियम कोण लावणार? सकाळी प्राणायाम आणि सायंकाळी दूरचित्रवाणीसमोर वेफर्सचे पुडे, ही विसंगती मुले अचूक टिपतात.

आई-वडिलांनी मुलाला ‘योग कर’ असे सांगण्याऐवजी त्याच्या शेजारी सतरंजी अंथरावी. रांगेच्या टोकाला उभा असलेला तो मुलगा मग एकटा राहणार नाही.