टीपॉयवरचा पेपर

परवा एका मैत्रिणीकडे गेले होते. संध्याकाळी तिच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून घरात आवराआवर चालली होती. बोलता बोलता तिने टीपॉयवरचा मराठी पेपर उचलून आत नेला आणि इंग्रजी दैनिक नीट घडी करून त्या जागी ठेवले.

"अगं, तुमच्याकडे इंग्रजी पेपर वाचतं कोण?" मी विचारले.

"कोणी नाही गं. पण आलेल्या माणसाला घर कसं वाटेल, हे नको का बघायला?"

तिचा धाकटा तिथेच अभ्यास करत होता. त्याने मान वर करून विचारले, "आई, मराठी पेपर लपवायचा असतो का?" आतल्या खोलीत रोज तोच पेपर अथपासून इतिपर्यंत वाचणारे त्याचे आजोबा बसले होते. मैत्रीण काहीच बोलली नाही.

खरे तर दोष तिच्या एकटीचा नाही. १९५० च्या दशकात लंडनच्या 'द टाइम्स'ने बडी माणसे आमचाच पेपर घेतात, अशी उघड जाहिरात केली होती. आपल्याकडेही जाहिरातदार १९८८ पासून घरांची प्रतवारी करत आले. आधी कर्त्या माणसाचे शिक्षण आणि व्यवसाय पाहत. २०११ पासून शिक्षणाबरोबर घरात फ्रिज, मोटार अशा किती वस्तू आहेत, ते मोजू लागले. इंग्रजी वाचणारा तो पैसेवाला, असे धरून फ्लॅटच्या आणि मोटारींच्या महागड्या जाहिराती तिकडे जातात. अनेक ठिकाणी रद्दीवालासुद्धा इंग्रजी पेपरला किलोमागे चार पैसे जास्त देतो!

वाचकांची संख्या मात्र वेगळेच सांगते. २०१९ च्या देशव्यापी वाचक पाहणीत हिंदी 'दैनिक जागरण' कोणत्याही इंग्रजी दैनिकाच्या कितीतरी पुढे होता. म्हणजे भाषिक पेपर वाचणारे थोडे नाहीत; त्यांना फक्त कमी लेखले जाते.

इंग्रजी पेपर घेऊ नये, असे मुळीच नाही. मुलांची भाषा सुधारते, नोकरीच्या जाहिराती कळतात. पण तो वाचण्यासाठी घ्यावा, मांडण्यासाठी नव्हे. आपल्या गल्लीत पाणी कधी येणार नाही, तालुक्यात पाऊस किती झाला, हे शेवटी मराठी पेपरच सांगतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या वाचकांना तर मराठी अंक हाती पडण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

१८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, तेव्हा त्याच्या पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. एका पानावर ज्या दोन भाषा सुखाने नांदल्या, त्या एका टीपॉयवर का नांदू नयेत?

मुलांना आपण पुष्कळ गोष्टी न बोलता शिकवतो. आजोबांचा पेपर आत नेऊन ठेवताना त्यांच्यासमोर आपण नेमके काय लपवतो, याचा एकदा विचार करावा.