घोडा-घोडी खरेदी: विक्रेत्याच्या शब्दावर किती विसंबावे?

मार्गशीर्ष लागला की मला येणाऱ्या फोनचा विषय बदलतो. एरवी हरभऱ्यावरची घाटे अळी नाहीतर उसातले पाचट यावर बोलणारे शेतकरी विचारू लागतात, "साहेब, सारंगखेड्याला निघालोय. घोडी बघून ठेवलीय, माणूस ओळखीतला आहे. घेऊ का?" मी कृषी पदवीधर आहे, पशुवैद्यक नाही, हे सांगूनही प्रश्न थांबत नाहीत. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आयुष्यभर बैल पारखलेत, पण घोडा पहिल्यांदाच दारात येणार आहे.

याला कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी बैलगाडा शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागातल्या घाटांत बैलगाड्यापुढे घोडी धावते. घाट पुन्हा भरू लागले, तशी चांगल्या घोडीची विचारणा वाढली. लग्नाच्या वरातींची मागणी आधीपासून आहेच. दुसरीकडे देशातली घोडे व तट्टांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास होती, ती २०१९ मध्ये सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. म्हणजे सात वर्षांत जवळजवळ ४५ टक्के घट. जनावरे कमी झाली तसे गावात घोडा कळणारेही कमी झाले. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर दिवसभर गाई-म्हशी पाहतात, घोडा त्यांच्याकडे क्वचित येतो. मागणी आहे, माल थोडा आहे आणि घेणारा नवखा आहे, अशा बाजारात विकणाऱ्याचा शब्द फार वजनदार होतो.

"मी कुठे म्हटलं पाय चांगला आहे?"

काही वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाने एका जत्रेतून घोडी आणली. पंचकल्याण, डोळ्यांत भरणारी, स्वभावाने गरीब. विक्रेत्याने चहा पाजला, वंशावळ सांगितली, देवमण दाखवला. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी घोडी पुढच्या डाव्या पायाने लंगडू लागली. डॉक्टरांनी पाहून सांगितले की दुखणे जुने आहे, बहुधा वेदनाशामक इंजेक्शनवर उभी केली असावी. भावाने फोन लावला. समोरून शांत उत्तर आले, "मी कुठे म्हटलं पाय चांगला आहे? तुम्ही विचारलंच नाही."

भाऊ चिडला, मीही चिडलो. नंतर एका वकील मित्राने आम्हाला भारतीय करार कायदा, १८७२ यातले कलम १७ वाचायला दिले, तेव्हा दोघेही गप्प झालो. फसवणूक कशाला म्हणावे हे सांगणाऱ्या या कलमाखालचे उदाहरण नेमके घोड्याचे आहे. एकाने लिलावात घोडा विकला. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक होते, पण तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र नात्यामुळे सांगण्याची जबाबदारी बापावर येते.

त्याच कलमात पुढे आणखी एक उदाहरण आहे आणि तुमच्या कामाचे ते आहे. घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरीन." विकणारा गप्प राहतो. इथे त्याचे गप्प राहणे बोलण्यासारखेच मानले जाते. घोडा तोच, विकणारा तोच, फरक पडला तो घेणाऱ्याच्या एका वाक्याने.

कलम १९ मध्ये एक मेखही आहे. अशा फसव्या मौनावर विसंबून सौदा केला, पण साधी काळजी घेतली असती तर खरे कळले असते, अशी स्थिती असेल तर सौदा मोडता येत नाही. म्हणून गप्प माणसाकडून अर्थ काढत बसू नका, त्याला तोंडाने बोलायला लावा आणि ते कागदावर घ्या. आणि विचारले म्हणून पाहायचे सोडू नका. आणखी एक आधार वस्तूविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ मध्ये मिळतो. जनावर कशासाठी हवे हे तुम्ही व्यापाऱ्याला सांगितले, त्याच्या जाणकारीवर तुम्ही विसंबला आहात हे स्पष्ट असले आणि तो त्याच धंद्यातला असला, तर ते त्या कामास योग्य असण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. "घाटात पळवायला हवी", "लहान पोरे बसणार आहेत", "वरातीला हवी, बँडला बुजता कामा नये", हे तोंडातल्या तोंडात न ठेवता सांगा.

विकणारा कोण आहे?

सगळे हेड्याला दोष देतात. माझे मत थोडे वेगळे आहे. दरवर्षी त्याच जत्रेत त्याच जागी दावण लावणाऱ्या व्यापाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच यायचे असते. त्याला नाव सांभाळावे लागते, निदान थोडे तरी. मला जास्त धास्ती वाटते ती एकच घोडी घेऊन आलेल्या हौशी माणसाची. तो वाईट असतो असे नाही. पण तो पुन्हा भेटणार नाही, आणि घरची घोडी का विकतो आहे, हा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही. तो विचारा. "चारा परवडत नाही" हे उत्तर खरे असू शकते. मग त्याच्या गावच्या नालबंदाचे नाव विचारा आणि त्याला फोन करा. घोड्याच्या पायाबद्दल नालबंदाला मालकापेक्षा जास्त माहीत असते.

मोबाईलवरच्या व्हिडिओवरून सौदा करून इसार पाठवणाऱ्यांना काय सांगावे? व्हिडिओ कधीचा आहे हे तुम्हाला माहीत नाही, एकाच बाजूने का काढला हे माहीत नाही आणि घोडी त्याचीच आहे का हेही माहीत नाही. जनावर डोळ्यांनी पाहेपर्यंत रुपया पाठवू नका.

जातीच्या नावाबद्दलही सावध राहा. दख्खनच्या भीमथडी घोड्याला देशी जात म्हणून अलीकडे मान्यता मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण आता बाजारातले प्रत्येक काटक तट्टू भीमथडी होऊ लागले आहे. मारवाडी, काठेवाडी म्हणून जादा पैसे मागत असतील तर नोंदणीचा पासपोर्ट मागा आणि मायक्रोचिपचा १५ आकडी क्रमांक वाचकयंत्राने जुळवून घ्या. कागद एका घोडीचा आणि दावणीला दुसरी, असे व्हायला वेळ लागत नाही. भोवरे, देवमण, पांढरे पाय यांवर तुमची श्रद्धा असेल तर असू द्या, पण त्यांनी पाय आणि फुप्फुस कळत नाही. आणि वर्तमानपत्रात येणारे कोटीचे आकडे बहुतेक वेळा सांगितलेल्या किमतीचे असतात, विकलेल्या नव्हे. त्यावरून भाव ठरवू नका.

पाहायचे कसे?

शक्यतो दोनदा पाहा, मध्ये दोन दिवस तरी जाऊ द्या. वेदनाशामक किंवा शांत करणाऱ्या औषधाचा परिणाम ओसरला की जनावर खरे दिसते. सारंगखेड्याची यात्रा बरेच दिवस चालते, त्यामुळे हे जमते. पहिल्या खेपेला आवडले की तिथेच रुमालाखाली हात घालण्याची घाई नको. दुसऱ्या वेळी पहाटे, न सांगता जा. खरारा करून, फिरवून आणण्याआधीची घोडी तुम्हाला पाहायची आहे. सकाळी पहिले पाऊल टाकताना ती अवघडते का, एक पाय पुढे काढून उभी राहते का, हे तेव्हाच दिसते.

मग कडक, सपाट जमिनीवर दोर सैल सोडून दुडकी चालवायला सांगा. जत्रेत बहुतेक जण रवाल दाखवतात. ती दिसते छान, पण लंगडेपणा पकडायला दुडकीच लागते. समोरून येताना डोक्याकडे बघा. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकतो तेव्हा डोके वर उचलले जाते, चांगला पाय टेकताना खाली जाते. सरळ चालीत काही दिसले नाही तर दोन्ही बाजूंनी लहान गोल फिरवून पाहा. चारही खूर उचलून बघा आणि घोडी ते करू देते का तेही बघा.

वयासाठी दात. बैलाचा हिशेब इथे चालणार नाही. घोड्याचे पुढचे मधले दात अडीच वर्षांच्या सुमारास बदलतात, त्याच्या शेजारचे साडेतीनला, कोपऱ्याचे साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरते. पुढे खालच्या दातांवरचे काळे खळगे झिजत जातात, मधल्यांचे साधारण सहाव्या आणि कोपऱ्याचे आठव्या वर्षापर्यंत. म्हातारी घोडी तरुण दाखवण्यासाठी हे खळगे कोरून, डागून काळे करण्याची चलाखी जुनी आहे. म्हणून वरच्या जबड्यातला कोपऱ्याचा दात पाहा. त्यावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीजवळ उभी खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती निम्म्यापर्यंत येते, विसाव्या वर्षी दातभर. "सात वर्षांची" म्हणून सांगितलेल्या घोडीच्या दातावर ही खाच दिसली तर पुढे बोलायची गरज नाही. पुढचे दात कडेने विचित्र झिजले असतील किंवा गळ्याभोवती पट्ट्याचा वळ असेल, तर लाकूड धरून हवा गिळण्याची खोड असू शकते.

शांत उभ्या घोड्याचे हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. पळवल्यावर धाप किती वेळ टिकते ते पाहा. हे सगळे तुम्ही पाहायचे ते सौदा पुढे न्यायचा की नाही एवढे ठरवण्यासाठी. शेवटची तपासणी पशुवैद्यकाची, आणि तो तुम्ही नेलेला हवा. विक्रेत्याने सुचवलेला नको, तो कितीही चांगला असला तरी. प्रवासासाठी मिळणारा आरोग्य दाखला दाखवून "डॉक्टरने पास केलीय" असे सांगतात. तो दाखला जनावर गाडीतून नेण्यास योग्य आहे एवढेच सांगतो.

ग्लँडर्सचा अहवाल

इथे पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग घोडा, गाढव, खेचरांना होतो आणि त्यांच्यापासून माणसालाही होतो. माणसात तो जीवघेणा ठरू शकतो. २००६ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत तो पुन्हा आढळला. नाकातून चिकट पिवळसर स्राव, नाकाच्या आतल्या पडद्यावर व्रण, पायांवर एका रेषेत उठलेल्या व फुटणाऱ्या गाठी ही लक्षणे आहेत. असे काही दिसले तर उघड्या हाताने तपासत बसू नका, मागे सरा आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. काही जनावरांत लक्षणे दिसतच नाहीत, म्हणून रक्ताची तपासणी लागते. तिच्या निश्चितीसाठी हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. रोग पक्का झाला तर २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यानुसार जनावराला वेदनारहित मरण द्यावे लागते. उपचाराचा पर्याय नसतो.

म्हणून अहवाल मागा. त्यावरचा रंग, खुणा, चिप क्रमांक समोरच्या घोडीशी जुळवा आणि तारीख वाचा. अहवाल सांगतो ते नमुना घेतला त्या दिवसापुरते. त्यानंतर घोडी तीन बाजार फिरली असेल तर त्याचा आधार उरत नाही. "तपासणी केलीय, कागद घरी राहिला" या उत्तराचा अर्थ तपासणी नाही असाच धरा. सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगाचीही तपासणी सोबत करून घ्या. मधूनमधून ताप, खाऊनही खंगणे, पोटाखाली सूज अशी घोडी स्वस्तात मिळते, ती यामुळेच.

कागदावर काय असावे?

साध्या कागदावर चालेल, दोन साक्षीदार हवेत. घोडीचा रंग, खुणा, चिप क्रमांक, वय. ती कोणत्या कामासाठी घेतली. आणि विक्रेत्याच्या शब्दांत: लंगडेपणा नाही, पोटदुखीचा किंवा शस्त्रक्रियेचा इतिहास नाही, चावण्या-लाथाडण्याची खोड नाही, गेल्या काही दिवसांत कोणते औषध दिले. गाभण म्हणून जादा पैसे घेत असेल तर तेही लिहा आणि सोनोग्राफी करून घ्या. घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो, तोवर वाट पाहून खरे कळण्यात अर्थ नाही. पैसे बँकेतून द्या. काही रक्कम पंधरा दिवसांनी द्यायची बोली करता आली तर उत्तम. सगळेच मानणार नाहीत. पण कागद पुढे केल्यावर "एवढा विश्वास नाही का?" म्हणून जो रागावतो, त्याच्याकडे सौद्यात मी तरी पुढे जाणार नाही. चांगला व्यापारी कागदावर एखादा दोष स्वतःहून लिहितो आणि किंमत त्याप्रमाणे धरतो. असे दोघे-तिघे मी पाहिलेत, आणि चुलतभावाने दुसरी घोडी त्यांच्यापैकी एकाकडूनच घेतली. उजव्या डोळ्यात फूल आहे, असे त्याने आधीच सांगितले होते.

घोडी घरी आल्यावर किमान तीन आठवडे इतर जनावरांपासून लांब बांधा. बादली, खरारा, चंदीची पिशवी वेगळी ठेवा. जुन्या मालकाकडची चंदी आठवडाभराची मागून आणा आणि तुमची वैरण हळूहळू वाढवत न्या. घोड्याला उलटी होत नाही, खाद्यातला एकदम केलेला बदल त्याच्या पोटावर जातो. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी दुडकी चालवून मोबाईलवर चित्रीकरण करा. पाय बिघडला तर तो कोणत्या दिवशी बिघडला, हे त्यावरून दाखवता येते.