एक घर, चार आवाज

अचलपूरच्या जुन्या वस्तीत अनेक घरे पाठीला पाठ लावून उभी आहेत. भिंत एक, संसार दोन. शिवाय एकेका घरात तीन पिढ्या नांदतात. दादींना कमी ऐकू येते, म्हणून बैठकीतला स्पीकर मोठा. नातू दहावीला, म्हणून तो वैतागलेला. आतल्या खोलीत सूनबाईंचे तान्हे बाळ नुकतेच कुठे झोपलेले. संध्याकाळी किरअत लावली की आवाजावरून बोलाचाली ठरलेली. अशा एका ओळखीच्या घरी खोलीगणिक वेगळा आवाज ठेवता येणारा झोन अ‍ॅम्प्लिफायर बसवला. तिथे आम्हाला जे उमगले, ते वाचक बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल.

साध्या अ‍ॅम्प्लिफायरला आवाजाचे एकच बटण असते. सगळ्या घराने तोच ऐकायचा. झोनच्या यंत्रात प्रत्येक खोलीसाठी स्पीकर जोडायची वेगळी जागा आणि वेगळे बटण असते. काही यंत्रांत एका खोलीत किरअत, दुसरीत बातम्या अशीही सोय मिळते. ती हवी की नको, हे खरेदीआधीच ठरवावे.

जोडणीत सर्वांत महत्त्वाचा शब्द 'ओहम'. स्पीकरच्या पाठीवर बहुधा 4 किंवा 8 ओहम लिहिलेले असते. हा विजेच्या वाटेतला अडथळा. एकाच झोनवर 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर तो 4 होतो, चार जोडले तर 2. अडथळा घटला की यंत्रावर ताण वाढतो. त्या घरी बैठकीतले दोन आणि ओसरीवरचे दोन असे चार स्पीकर मेकॅनिकने एकाच झोनवर चढवले होते. यंत्रावर 'किमान 4 ओहम' असे छापलेले होते. ते तापून बंद पडू लागले. ओसरीच्या तारा दुसऱ्या झोनवर नेल्या आणि प्रश्न मिटला.

तार तांब्याचीच घ्यावी. 20 मीटरपर्यंत 1.5 चौरस मिलिमीटरची चालते. त्याहून लांब असेल तर 2.5 ची घ्यावी. लाल टोक लाल ठिकाणी, काळे काळ्या ठिकाणी. एकाच खोलीत एक स्पीकर उलटा जोडला गेला तर आवाज पोकळ येतो. घराच्या 230 व्होल्टच्या वायरिंगच्या पाइपातून स्पीकरची तार कधीही नेऊ नये. गुणगुण तर येतेच, पण आतली तार सोलली गेली तर जिवाशी गाठ. जोडणी प्लग काढूनच करावी. वऱ्हाडचा उन्हाळा ध्यानात ठेवून यंत्राच्या चारही बाजूंना हवा खेळू द्यावी. बंद कपाटात कोंडू नये, वर रुमाल-पुस्तके ठेवू नयेत.

पहिल्यांदा सुरू करताना सर्व बटणे शून्यावर ठेवावीत. मग एकेक झोन हळूहळू वाढवावा आणि आवाज यंत्रापाशी उभे राहून ठरवू नये. दादींच्या खाटेवर बसून ऐकावे, पाळण्यापाशी उभे राहून ऐकावे, अभ्यासाच्या टेबलाशी बसून ऐकावे. कमी ऐकू येणाऱ्या माणसासाठी आवाज वाढवण्याऐवजी स्पीकर जवळ आणावा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. खोलीत फरक थोडा कमी पडतो, पण पडतोच. दादींच्या उशाशी एक लहान स्पीकर आला आणि बैठकीतला आवाज अर्ध्यावर आणता आला.

आता भिंतीपलीकडचे घर. त्याच्याकडे बटण नसते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल आहे; खासगी जागेतल्या यंत्राचा आवाज हद्दीवर या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. मोबाइलवरच्या मापकाने अंदाज येतो. पण खर्जाचा आवाज भिंतीतून सहज पार होतो, म्हणून सामाईक भिंतीवर स्पीकर टांगू नये; समोरच्या भिंतीवर टांगावा आणि बासचे बटण कमी ठेवावे. सगळे लावून झाले की शेजारी जाऊन पाच मिनिटे बसावे, चहा घ्यावा आणि त्यांनाच विचारावे. ते जे सांगतील, तिथे बटणावर पेनाने खूण करून ठेवावी.