हुतात्म्याच्या आई-वडिलांचा ‘बोजा’?

रोहिणखेड हे बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यातले, घाटाच्या पायथ्याचे गाव. १४३७ मध्ये येथे बहामनी सेनापतीने खानदेशच्या फारुकी सुलतानाला धूळ चारली. पुढे दीडशे वर्षांनी निजामशाहीच्या गादीचा निकालही याच रणात लागला. विजेत्यांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत. पडलेल्या शिपायांची नाहीत, आणि त्यांच्यामागे त्यांच्या घरच्या चुली कशा पेटल्या, हेही नाही.

छत्रपती शिवाजी महाराजांनी मात्र त्या चुलींचा विचार केला. १६५९ मध्ये अफजलखानाचा निकाल लावल्यानंतर युद्धात पडलेल्यांच्या मुलांचा सांभाळ करण्याची आणि पुत्र नसेल तर पत्नीला निम्मे वेतन देण्याची व्यवस्था महाराजांनी केली, अशी नोंद सभासदाच्या बखरीत आहे. पुढे पेशवाईत याच विचाराची ‘बालपरवेशी’ रूढ झाली. स्वराज्याचा खजिना तेव्हा काही ओसंडून वाहत नव्हता!

आता याच बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराई पाहा. या गावचा सुपुत्र अक्षय लक्ष्मण गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनच्या हिमशिखरांवर कर्तव्य बजावताना धारातीर्थी पडला. तेथे प्राणार्पण करणारा तो पहिला अग्निवीर. त्याच्या वारसांना काय मिळणार, हे सैन्याने तेव्हाच जाहीर केले. ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, सेवानिधी, उरलेल्या सेवाकाळाचे वेतन आणि युद्धहानी निधीतून ८ लाख, अशी ती रक्कम एक कोटीच्या वर जाते. ती अल्प आहे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्या यादीत कुटुंब निवृत्तिवेतन नव्हते. नियमित जवानाला त्याच हिमनदीवर वीरमरण आले असते, तर त्याच्या वारसांना, तो अविवाहित असेल तर आई-वडिलांना, ते मिळाले असते.

एकरकमी पैसा आणि निवृत्तिवेतन यांत केवळ हिशेबाचा फरक नाही. रकमेला भाऊबंदकी फुटते, उसनवारी सुटते, एखादे आजारपण ती गिळून टाकते. निवृत्तिवेतनाला महागाई भत्ता लागतो, वेतन आयोगाबरोबर ते वाढते आणि म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हा सैन्याचे सरासरी वय कमी करणे हा तिचा हेतू सांगितला गेला. तो हेतू योग्यच आहे. डोंगरावर चढायला तरुण पायच लागतात. चार वर्षांनी घरी परतणाऱ्या धडधाकट तरुणाला निवृत्तिवेतन द्यावे की नाही, यावर मतभेद असू शकतात. पण जो परतलाच नाही, त्याच्या बाबतीत चार वर्षे आणि पंधरा वर्षे हा भेद कुठून आला? शत्रूची गोळी भरतीची अट वाचून येत नाही. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, पाकिस्तानी माऱ्यात मुंबईच्या घाटकोपरमध्ये राहणाऱ्या कुटुंबातला अग्निवीर मुरली नाईक हुतात्मा झाला. तोफगोळ्याने तरी त्याला ‘अल्पमुदतीचा’ मानले नाही.

यावर अर्थशास्त्री मंडळी आकडे पुढे करतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाच्या ६ लाख ८१ हजार कोटींपैकी सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनासाठी होते, हे खरे. मात्र हा आकडा चौतीस लाखांच्या घरातील निवृत्तिवेतनधारकांचा आहे. हुतात्मा अग्निवीरांची कुटुंबे त्यात मिळवली तर तो कितीसा हलेल? ‘समान श्रेणी, समान निवृत्तिवेतन’ या मागणीसाठी माजी सैनिकांना अनेक दशके झगडावे लागले, अखेर जंतरमंतरवर बसावे लागले. ७ नोव्हेंबर २०१५ ला अधिसूचना निघाली. तेव्हाही ‘बोजा’ हाच शब्द फायलींतून फिरत होता, आणि तरीही देशाची तिजोरी बुडाली नाही.

संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने कर्तव्यावर प्राण गमावणाऱ्या अग्निवीरांच्या कुटुंबांना नियमित जवानांच्या कुटुंबांइतकेच लाभ, निवृत्तिवेतनासह, द्यावेत, अशी शिफारस केली. राष्ट्रभक्तीची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने आपल्या खासदाराला या शिफारशीचे काय झाले, ते विचारले पाहिजे. सरकार आपल्या विचारांचे असेल, तर अधिक ठामपणे विचारले पाहिजे.