दंडाची पावती आणि तोंडावरचा पदर



गळीत हंगाम जवळ आला की आपल्या अंकात ऊसतोडणीचा कार्यक्रम, खताचे हप्ते, को. ८६०३२ चे एकरी उत्पादन अशा विषयांवर लेख येतात. आज मी जरा वेगळ्या विषयावर लिहिणार आहे. काही जण म्हणतील, "आता कशाला तो मास्क उकरून काढता? हत्ती गेला, शेपूटही गेले." खरे आहे. आपल्या राज्यात २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, मास्कची सक्ती उठली आणि आपण सगळ्यांनी तो उंबऱ्याबाहेर टाकला. पण सक्तीच्या त्या दोन वर्षांत आपण कसे वागलो, याचा हिशेब कोणी मांडला नाही. सहकारात हिशेब न मांडता वर्ष बंद करण्याची पद्धत नाही. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात माझ्यापासून करतो. मी आमच्या गावच्या दक्षता समितीत होतो. माझ्या हाती पावतीपुस्तक होते आणि दंड ठरला होता दोनशे रुपये. मार्च २०२१ ची गोष्ट. हंगाम संपत आला होता. आठवड्याच्या बाजारात टोळीतली एक बाई मीठ-मिरची घ्यायला आली. मराठवाड्याकडची असावी. कडेला पोर, तोंडाला पदर गच्च धरलेला.

मी म्हटलं, "बाई, मास्क कुठं आहे?"

ती म्हणाली, "मालक, पदर हाय की तोंडाला."

"पदर चालत नाही. मास्क पाहिजे, मास्क."

"मग त्यो कुठं भेटतो, ते तरी सांगा."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मास्क आमच्या बाजारात त्या दिवशी कोणी वाटत नव्हते, आणि विकत घ्यायचा तर तालुक्याला जावे लागे. तरीही मी पावती फाडली. दोनशे रुपये म्हणजे पाऊण टनाच्या आसपास ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत भरायचा मोबदला. तिने कनवटीच्या नोटा मोजून दिल्या, मीठ घेतले, मिरची तशीच ठेवली आणि गेली.

त्याच आठवड्यात पंचक्रोशीतल्या एका मोठ्या घरचे लग्न होते. पन्नास माणसांची परवानगी, आणि पंगती उठत होत्या पन्नासाच्या कितीतरी पट. समितीचे आम्ही सगळे जण तिथे हजर. माझे थोरले बंधू यायला तयार नव्हते. म्हणाले, "गर्दी लई असंल, नको." मीच म्हटलं, "अण्णा, चला. नाही गेलो तर बरं दिसायचं नाही." माझा मास्क खिशात, अण्णांचा हनुवटीवर. पावतीपुस्तक घरी खुंटीला.

एप्रिलात अण्णा गेले. आजार त्यांना कोठून लागला हे मला सांगता येणार नाही, आणि कोणाच्या लग्नावर मी तो बालंट म्हणून घालणारही नाही. त्या दिवसांत गावोगावी घरोघरी माणसे गेली. पण पावतीपुस्तकातल्या त्रेचाळीस पावत्या मी पुन्हा चाळल्या, तेव्हा दिसले की एकही पावती त्या मांडवातली नाही. सगळ्या मजुरांच्या, फेरीवाल्यांच्या, शाळकरी पोरांच्या आणि मोटारसायकलवरून खत न्यायला निघालेल्या एकट्यादुकट्या माणसांच्या.

माझे म्हणणे एवढेच आहे. लोकांनी मास्क घातला नाही, असे आपण म्हणतो. खरे म्हणजे लोकांनी मास्क घातला, पण रोगासाठी नव्हे, तर पावतीसाठी घातला. नाक्यावर खाकी टोपी दिसली की टॉवेल वर, नाका ओलांडला की टॉवेल खाली. आणि असे का झाले, याचा दोष एकट्या लोकांवर टाकणे बरोबर नाही.

पहिली गोष्ट अशी की, सांगणाराच मध्येच शब्द बदलत होता. २०२० च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे होते की निरोगी माणसाला मास्कची गरज नाही. एप्रिलच्या आरंभी आपल्या केंद्र सरकारने घरी शिवलेले कापडी आच्छादन वापरायला सांगितले. त्याच महिन्यात मुंबईत मास्क सक्तीचा झाला. जागतिक संघटनेने आपला सल्ला बदलला तो ५ जूनला. नवा रोग म्हटल्यावर माहिती बदलणारच, यात लबाडी नाही. मातीपरीक्षणाचा नवा अहवाल आला की आपणही खताची मात्रा बदलतोच की! पण का बदलली, हे शेतकी विभाग आपल्याला सांगतो. मास्कच्या बाबतीत 'का' सांगायला कोणी दारात आले नाही. आला तो फक्त दंड. आणि घरगुती कापड चालते असे सरकारच म्हणत असताना मी त्या बाईचा पदर नापास केला, हे वर आणखी.

दुसरी गोष्ट, ही जखम आपल्याकडे जुनी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. तोच कायदा मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात लागू झाला. १८९७ ला पुण्यात रँडसाहेबाच्या हुकमाने सोजीर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, माणसे उचलून नेली. परिणाम काय झाला? लोक आजारी माणसे लपवू लागले. रोगापेक्षा तपासणीचे भय मोठे झाले. पुढे २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली, हा इतिहास शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

पण त्याच पुण्याची दुसरी बाजू आपण विसरतो. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या, दवाखान्यात रोग्यांची सेवा करीत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सोजिराने दार ठोठावले की माणूस लपतो. सावित्रीबाईंसारखी बाई दारात आली की तोच माणूस दार उघडतो. दोघांनाही रोगी घराबाहेर काढायचाच होता. फरक पडतो तो कोण आले आणि कशासाठी आले, याने.

तिसरी गोष्ट मास्कच्या गुणाची. काही सभासद मित्र आजही म्हणतात, "मास्कने काय होतं? सगळं थोतांड." हेही खरे नाही. १९१०-११ साली मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग पसरला. साठ हजारांच्या आसपास माणसे मेली. तिथे डॉ. वू लिएन-तेह यांनी गॉज आणि कापसाचा मास्क बांधायला लावला. मेस्नी नावाच्या एका बड्या फ्रेंच डॉक्टरने तो बांधला नाही आणि रोगी तपासले. थोड्याच दिवसांत तो स्वतः प्लेगने गेला. म्हणजे ही काही २०२० ची टूम नव्हे.

आपल्या काळातला दाखला हवा असेल तर बांगलादेशाचा घ्या. तिथले शेतकरी आपल्यासारखेच, खेडी आपल्यासारखीच. नोव्हेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात तिथल्या ६०० गावांत मोठा प्रयोग झाला. सुमारे ३ लाख ४० हजार प्रौढ माणसे त्यात होती. निम्म्या गावांत मास्क घरपोच फुकट दिले, बाजारात आणि मशिदीत वाटले, तो का घालायचा हे समजावले, इमाम आणि गावपुढारी यांनी स्वतः घातला, आणि रस्त्यात कोणी बिनमास्कचा दिसला तर कार्यकर्ता थांबवून नम्रपणे आठवण करून देई. या गावांत दंड करणारा कोणी नेमला नव्हता. ज्या गावांत यातले काही केले नाही तिथे शेकडा १३ लोक मास्क नीट घालत होते. केले तिथे शेकडा ४२. दवाखान्यात वापरतात तसला सर्जिकल मास्क वाटला त्या गावांत लक्षणांसह होणारी लागण शेकडा ११ च्या आसपास कमी भरली, आणि साठीपुढच्या माणसांत तर त्याहून बरीच अधिक. कापडी मास्कचा फायदा मात्र तितका स्पष्ट दिसला नाही.

या आकड्यांवरून दोन्ही बाजूंनी शहाणपण घ्यावे. मास्क म्हणजे कवचकुंडले नव्हेत. शेकडा अकराला कोणी शंभर म्हणू नये. पण शेकडा अकरा म्हणजे शून्यही नव्हे. साखर उताऱ्यात पाव टक्का वाढला तरी आपण पेढे वाटतो. मग म्हाताऱ्या माणसांच्या जिवाचे अकरा-वीस टक्के आपल्याला हलके का वाटावेत?

दंड नकोच, असे मात्र माझे म्हणणे नाही. काही माणसे समजावून ऐकत नाहीत, आणि एकाच्या हट्टापायी शेजाऱ्याच्या घरात दुखणे जाते. तिथे नियम हवा आणि नियमाला दातही हवेत. पण नियम हा आपल्या काट्यासारखा असावा. चेअरमनसाहेबांची ट्रॉली आली काय आणि वीस गुंठेवाल्याची बैलगाडी आली काय, काट्याने वजन सारखेच दाखवले पाहिजे. काट्यावर एकदा संशय आला की सभासद ऊस दुसरीकडे घालतो, मग तुम्ही कितीही परिपत्रके काढा. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात १९१८ च्या साथीत मास्कची सक्ती होती. तिथले महापौर रॉल्फ बॉक्सिंगच्या सामन्याला मास्कशिवाय बसलेले आढळले, तेव्हा त्यांच्याच पोलिसांनी त्यांनाही दंड लावला. तरीसुद्धा पुढच्या जानेवारीत सक्ती पुन्हा आली तेव्हा लोकांनी मास्कविरोधी संघ काढलाच. म्हणजे न्याय केला तरी कुरकुर राहते. मग न्याय केलाच नाही तर काय होईल, ते आपण आपल्या गावात पाहिले आहे.

आता कोणी विचारील, याचा कारखान्याशी संबंध काय? संबंध आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा राज्यातले लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले होते. एप्रिलच्या मध्यावर तपासणी करून त्यांना गावी पाठवायचा निर्णय झाला. पुन्हा साथ आली तर पहिली गर्दी आपल्याच गाडीतळावर असणार. शिवाय साथ नसतानाही आपल्या घरात मास्कचा प्रश्न आहेच. बगॅसच्या ढिगावर काम करणारा कामगार बुरशी धरलेला भुसा वर्षानुवर्षे नाकावाटे घेतो. त्याने फुप्फुसाला होणाऱ्या रोगाला डॉक्टर बगॅसोसिस म्हणतात. आणि फवारणी? २०१७ साली विदर्भात, विशेष करून यवतमाळ जिल्ह्यात, कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तरी आजही आपण पाठीवर पंप अडकवतो आणि तोंडाला काही न बांधता वाऱ्याच्या तोंडी फवारतो. तिथे पावती फाडणारा कोणी नाही, म्हणून मास्कही नाही. सवय दंडाने लागली असती तर ती एव्हाना लागायला हवी होती.

म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे माझ्या पाच सूचना आहेत.

एक : बगॅस यार्डातल्या कामगारांना आणि गट ऑफिसमार्फत फवारणी करणाऱ्या सभासदांना धूळ व औषध अडवणारे योग्य मास्क कारखान्याने द्यावेत. साधे कापड तिथे पुरत नाही. फवारणीचा मास्क वेगळा असतो, तो कोणता हे शेतकी विभागाने दाखवून द्यावे.

दोन : साथीच्या प्रसंगी तळावरच्या प्रत्येक कोयत्याला मास्क आधी मिळावा, नियम मागून सांगावा. जी वस्तू दिलीच नाही, ती नाही म्हणून दंड करू नये.

तीन : संचालक मंडळाने आणि आमच्यासारख्या जुन्या सभासदांनी आधी स्वतः घालावा. मोळी टाकण्याच्या कार्यक्रमाच्या व्यासपीठावर एकाचे जरी नाक उघडे दिसले, तरी फडातल्या हजार माणसांना आपण काय सांगणार?

चार : नियम जागा पाहून असावा. बंद सभागृह, दवाखाना, भरलेली एसटी, तिथे कडक. मोकळ्या फडात एकटा खुरपणाऱ्या माणसाच्या मागे लागू नये. शहाणा नियम थोडा असतो, पण पाळला जातो.

पाच : दंड घ्यावाच लागला तर कोणाकडून किती घेतला आणि पैसे कोठे गेले, हे गट ऑफिसच्या फळ्यावर लागावे. आमच्या समितीने हे कधी केले नाही, आणि त्याबद्दल मी स्वतःला दोषी धरतो.

ती बाई पुढच्या हंगामात दिसली नाही. मी मुकादमाकडे चौकशी केली, पण नाव ठाऊक नसल्याने तिचा माग लागला नाही. पावतीवर मी तिचे नाव लिहिलेच नव्हते. 'ऊसतोड स्त्री, १' एवढेच लिहिले होते. दोनशे रुपये परत करता आले असते तर केले असते. ते नाही जमले, म्हणून हा लेख.

माझे म्हणणे पटले तर सभेत हात वर करावा. पटले नाही तर उभे राहून बोलावे, माझी तयारी आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद